कळंबला न्यायचा ॲम्प

७ जानेवारी, बुधवार
ॲम्प्लिफायर गेला तो गेलाच. मेकॅनिकने आज झाकण लावून परत दिला. "सर, याचे पार्ट आता बनतच नाई. फोटो काढून ठेवा." तेहतीस वर्षं चालला. नोव्हेंबरात जळला, आणि पुढच्याच आठवड्यात हरसिंगला लकवा झाला. कार्यकारणभाव नाही, काकतालीय न्याय. शास्त्रात याला शब्द आहे एवढंच समाधान.

स्पीकर त्याच्याकडे, कळंबला. ॲम्प माझ्याकडे, यवतमाळला. अमरावतीच्या होस्टेलात दोघांनी मिळून सेट घेतला, तो सायन्सचा, मी संस्कृतचा. शेवटच्या वर्षी वाटणी केली. मी म्हटलं, सगळा तूच ठेव. तर म्हणे, "मंग तू येशीन कायले?" तेव्हापासून दर रविवारी स्कूटरवर पायाशी ॲम्प ठेवून कळंब. दोन तास गिटार आणि ड्रम ऐकायचे, परत ॲम्प घेऊन घरी. दोघांपैकी कोणीही उरलेला अर्धा विकत घेऊ शकला असता. घेतला नाही.

९ जाने., शुक्र.
नवा घ्यायचा. पर्याय दोन. अस्सल व्हॉल्व्हचा, काचेच्या तापणाऱ्या नळ्यांचा. नाहीतर हायब्रिड: पुढे व्हॉल्व्ह, मागे ट्रान्झिस्टर. वर सिंह, खाली मनुष्य. नृसिंहच.

गुरुजी सांगायचे, आधी पूर्वपक्ष मांडा, आणि असा मांडा की प्रतिपक्षी म्हणाला पाहिजे, माझ्यापेक्षा बरा मांडला. तर—

पूर्वपक्ष (ह.): "शास्त्री, हायब्रिड ज्वारीची भाकर खाल्ली ना तू? पोट भरते. चव हाय का?" शिवाय गिटार मुळात व्हॉल्व्हमधूनच रडवून घेतलेली असते, तिला घरची भाषा व्हॉल्व्हच बोलतो. खोली दहा बाय बारा. व्हॉल्व्हचे पंचवीस वॅट पुष्कळ झाले.

उत्तरपक्ष (मी): आपले स्पीकर आळशी, ढकलल्याशिवाय हलत नाहीत. ड्रम सुरू झाले की पंचवीस वॅटला धाप लागेल. आणि या दिवसांत गव्हाला पाणी देणाऱ्या पंपांनी कळंबचं व्होल्टेज खाली बसतं, व्हॉल्व्हला ते सोसत नाही. (हा मुद्दा त्याला झोंबला असता. तीस वर्षं वीज खात्यात काढली त्याने.)

समोरून काही नाही. सरपंच बिनविरोध निवडून आल्याच्या बातम्या मी पेपरला शंभर तरी पाठवल्या असतील. असा निवडून आलेला माणूस इतका उदास असतो हे ठाऊक नव्हतं.

११ जाने., रवि.
गेलो नाही. ॲम्पच नाही तर जाऊन काय करणार. सुमनवहिनींचा फोन.
"भाऊजी, आज?"
"ठरवून राह्यलो, वहिनी. घेतला की येतोच."
"बरं."
त्यांचं 'बरं' फार छोटं असतं.

१३ जाने.
माहितीपत्रकं वाचतो आहे. 'उबदार', 'मखमली', 'पारदर्शक'. आवाजाला इतकी विशेषणं महाकाव्यातल्या नायिकेलाही नसतील.
सौ.: "आपलं लग्न एका दुपारी ठरलं होतं. त्यात माझी आत्या भांडली, तो वेळही धरून."

१७ जाने., शनि.
नागपूर. एसटीने गेलो. दुकानदाराने आधी बासरी लावली. "सर, भजन की गझल?" म्हटलं, रॉक. त्याने माझ्या कुडत्याकडे पाहिलं, मग केसांकडे, जे आहेत त्यांच्याकडे.

व्हॉल्व्हला तापायला चार-पाच मिनिटं लागतात. तोवर दोघेही त्या तांबूस उजेडाकडे पाहत बसलो, आरतीआधी बसतात तसे. मग माझी सीडी. तो लांबलचक गिटारचा तुकडा, ज्यावर होस्टेलचा वॉर्डन दार वाजवायचा. गळा दाटलेल्या माणसाने तरीही बोलायचं ठरवावं, असा आवाज. नंतर तोच तुकडा हायब्रिडवर. ड्रम कानफटात मारल्यासारखे, स्वच्छ. खोटं कशाला लिहू, दोन्ही बरोबर होते.

वजन विचारलं. हायब्रिड आठ किलो. व्हॉल्व्ह बावीस.
"स्कूटरवर नेता येईल का? दर आठवड्याला?"
"सर, हा नेत नाहीत. हा ठेवतात."

१८ जाने., रवि.
गेलो नाही. काल प्रवास झाला होता. (नागपूर–यवतमाळ. सह्याद्री ओलांडल्याचा थाट.)

आज नुसतं आठवत बसलो. ह.च्या खोलीत पूर्वी स्पीकरमधून घूं घूं यायचं. त्याने घरामागे खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, पत्रा पुरला, स्वतंत्र अर्थिंग केलं. माती कोरडी पडली की घूं परत. म्हणून प्लग लावण्याआधी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं, हा दर रविवारचा विधी. मी त्याला अर्घ्य म्हणायचो. "मंत्र नोको म्हणू बे, पाणी ओत."

२१ जाने., बुध.
व्हॉल्व्ह घेतला तर तो कळंबलाच राहणार. स्पीकर आणि ॲम्प एका छपराखाली. माझा अर्धा वाटा संपला. मग 'येशीन कायले' याला उत्तर काय?
हायब्रिड घेतला तर ने-आण चालू. जणू काही झालंच नाही.

सौ. भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला तो घ्यायचा नाहीये. ठरवत बसायचा आहे."

२२ जाने.
ती म्हणाली ते खरं आहे. दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही म्हणून इथे.

डिसेंबरात शेवटचा गेलो तेव्हा पहिल्यांदाच हात रिकामे होते. ह. खुर्चीत, उजवा हात कोणीतरी आणून ठेवल्यासारखा मांडीवर. शब्द एकच उरला आहे, होकाराचा 'हाव'. मी पाऊण तास व्हॉल्व्हवर बोललो. विचारलं, व्हॉल्व्ह घेऊ? "हाव." हायब्रिड घेऊ? "हाव." जो माणूस माझ्या 'आज सोमवार आहे' यावरही वाद घालायचा, तो. चहा हनुवटीवरून ओघळला. वहिनींनी पदराने पुसला. मी स्पीकरकडे पाहत राहिलो. काम आहे म्हणून निघालो. काम नव्हतं.

२५ जाने., रवि.
गेलो नाही. सहावा रविवार. यावेळी कारण शोधायचाही कंटाळा आला. वहिनींचा फोन नाही.

१ फेब्रु., रवि.
गेलो. पण सरळ नाही. शेजाऱ्याचा मीटर मागून घेतला. म्हटलं, दुपारचं व्होल्टेज मोजतो, म्हणजे निवड शास्त्रशुद्ध होईल. वहिनी दारातच, "आले का बाप्पा! मीटर घेऊन? कोणाले करंट लागला?"

आत न जाता आधी घरामागे गेलो. अर्थिंग पाहायचं निमित्त. दोन महिने सेट बंद, खड्डा भेगाळला असेल असं वाटलं. माती ओली. बादली बाजूला पालथी.

"वहिनी, इथे पाणी कोण टाकते?"
"मीच. दुसरं कोण टाकन?"
"सेट तर बंद हाय."
"मले काय समजते सेटचं? रविवार आला का सकाळपासून मागच्या खिडकीकडे बोट करते हे. पाणी ओतलं का मंग चूप बसते. रस्त्याकडे पाह्यत. दोन वाजेलोग. मंग जेवते."

"फोनवर काहून नाही सांगितलं?"
"बलावून आणाचे पाव्हणे होते का तुमी?"

आत गेलो. व्होल्टेज एकशे चौऱ्याऐंशी भरलं, पाहिजे दोनशे तीस. त्याला सांगितलं. "हाव." खात्याचा माणूस असं कबूल करत नसतो. आज त्याच्यासोबत जेवलो. चहा मी पाजला. थोडा सांडला. माझ्या हातून.

३ फेब्रु.
ऑफिसात बसून बातमी लिहायची होती, लिहिली नाही. सात रविवार, त्याने रस्त्याकडे पाहिलेले. नाही, सहा. सातव्याला मी होतो. मीटर घेऊन.

८ फेब्रु., रवि.
दहाला पोचलो. स्कूटरवर पायाशी काही नव्हतं, उतारावर ती नेहमीपेक्षा हलकी वाटली. त्याने बोट केलं. आज बादली मी ओतली. मंत्र म्हटला नाही.

दोघे बसलो. दोन स्पीकर, मधली फळी रिकामी. वहिनींनी तीही पुसून ठेवली आहे. विचारलं,
"व्हॉल्व्ह?"
"हाव."
"इथंच राहीन मंग तो. मले नेता येणार नाई."
"हाव."
"हायब्रिड?"

'हाव' आलं नाही. माझ्याकडे पाहत होता. पुन्हा विचारलं. डोळे मिटले.

वहिनी म्हणाल्या, "झोप आली असंन त्याईले. या टायमाले येते."
असेल. तीस वर्षांत मी हायब्रिड म्हटलं की तो असेच डोळे मिटायचा, हेही खरं.

बावीस किलो पेलतील का पाहायला दोन्ही हातांनी फळी दाबली. करकरली. त्याने एक डोळा उघडला.