हेडमास्तरांची एकुलती फ्रेम

२५ जानेवारी १९८०, गंगाखेड

आज हेडमास्तरांची किळस आली. दिल्लीत बाई परत निवडून आल्या, म्हणून उद्याच्या झेंडावंदनासाठी ऑफिसातल्या फ्रेममधला फोटो बदलायचा होता. किसन शिपायानं मागचा पुठ्ठा काढला. वरच्या पंतप्रधानांच्या खाली आधीचे पंतप्रधान, त्यांच्या खाली ह्याच बाई, आणि सगळ्यात तळाशी, कडा वाळवीनं खाल्लेला, निजाम!

"सर, ह्यो तर निजाम हाय. फेकून देऊ का?" किसननं विचारलं.

"असू दे तळाला. कुणाचे दिवस कधी फिरतील, सांगता येतं का?" हेडमास्तर म्हणाले. मग बाईंना वर घेतलं, बाकीच्यांना खाली सारलं आणि लगेच हात जोडले. लाज म्हणून नाहीच.

माझ्या दहावीच्या वर्गातल्या पोरांनी महिन्यापूर्वी घटनाकारांचा फोटो माझ्याकडे आणून दिला होता. सव्वीस जानेवारीला तरी लावा, म्हणाले. तेव्हा हेडमास्तरांचं उत्तर काय? "फ्रेम शिल्लक नाही. आणि सध्या वातावरणही बरं नाही." विद्यापीठाच्या नामांतरावरून माणसांची घरं जळाली, त्याला हा गृहस्थ वातावरण म्हणतो! उद्याचा दिवस ज्यांच्या घटनेचा, त्यांना जागा नाही. निजामाला आहे.

तो फोटो अजून माझ्या खणात पडलाय, पेपरात गुंडाळलेला.

आणि मी? तोंडावर बोललो का काही? किसन पुठ्ठा परत ठोकत होता, तेव्हा एकेक खिळा त्याच्या हातात मीच देत होतो.