तार किती ठेवायची

प्रिय मुंगी,

तुझं पाकीट येऊन आज अकरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. माझी तब्येत बरी आहे, आईचीही बरी आहे. फक्त पाकीट उघडताना आतला, गळाच्या दोरीच्या टोकाला बांधायचा लीडर बोटाला टोचला आणि माझी झोपच उडाली, कारण तू गळही तसाच उघडा पाठवला होतास. पोस्टमनच्या हातात घुसला असता म्हणजे? पुढच्या वेळी टोकावर बुचाचा तुकडा खोचत जा. आई म्हणाली, "पोरीनं विचारलंय काय, आणि तुमचं आपलं बूच."

तू विचारलंयस ते मी तीनदा वाचलं. तीन रविवार झाले, मासे पकडायला होडीतून नेलेली तिन्ही गिऱ्हाइकं रिकाम्या हातानं परतली. करवत्या मासा खालून येतो, गळावर बांधलेल्या पिसांच्या माशीमागे थोडा वेळ चालतो, बघतो आणि वळून जातो. होड्यांच्या मालकानं महिनाअखेरपर्यंत बघू म्हटलंय, नाहीतर तुझी होडी दुसऱ्याला देणार. आणि शेवटी, 'बाबा, लीडर सोबत ठेवलाय, काय चुकतंय तेवढं सांगा.' चष्म्याच्या दुकानात एवढी वर्षं भिंगं घासून, चाळिशी ओलांडल्यावर तू गळ-दोरीकडे परत वळलीस. आम्हाला काही बोलली नाहीस, पण ती होडी तुझ्या हातातून जायला नको एवढं मला कळतं. मला त्या काळजीनं अन्न गोड लागत नाही. आईला लागतं. ती म्हणते, दोघांनी उपाशी राहून मासा गळाला लागणार आहे का?

तुझा लीडर मी खिडकीपाशी टेबलावर पसरला आणि तपासायचा तसा तपासला, दोरीकडून माशीकडे. आधी जाड नायलॉन, मग बारीक, मग दातांना न कापणारी तार, मग माशी. गाठींना नाव ठेवायला जागा नाही. एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. तारेचा पीळ आधी सैल, मग घट्ट, आणि शेवटचं टोक पकडीनं न कापता वाकवून मोडलेलं, म्हणजे बोटाला ओरखडा नाही. इतक्या वर्षांनी हात हे सगळं विसरला नाही. आई शेजारी उभी होती. म्हणाली, "एवढ्या घरात एकच लीडर, तोही माशाच्या तोंडी द्यायचा." मी हसलो नाही म्हणून ती रागावून आत गेली.

हातमोजे घालतेस ना? गळ काढायला लांब नाकाची पक्कडच वापर, एक कमरेला आणि एक होडीत, कारण एक पाण्यात पडतेच. करवत्याचे दात आत वळलेले असतात. बोट आत सहज जातं, बाहेर यायला त्याची परवानगी लागते. तुझ्या काकाचं नख अजून नीट आलेलं नाही. गिऱ्हाईक हौशी असलं की 'मी काढतो, मी काढतो' करतं, त्याला काढू देऊ नकोस. आणि उभं राहून मासा ओढू नकोस. होडी लहान आहे का? तू लिहिलं नाहीस.

मी हे काम कुणाकडे शिकलो नाही, तुला माहीत आहे. पाचवीत नापास झालो आणि शाळा मला सोडून पुढे गेली. सायकलच्या ब्रेकची तार उसवून पहिला लीडर बांधला, तो बघून गळ-दोरीच्या दुकानाच्या मालकानं मला मागच्या खिडकीखालचं टेबल दिलं. तिथं तीस वर्षं बसलो. दुसरी माणसं भिंतीवर शिकल्याचे कागद टांगायची, माझ्याकडे दाखवायला दोन हात आणि त्यांच्या गाठी. तू त्या टेबलाशी यायला लागलीस तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस. तारा कापायचं काम मी तुला दिलं, प्रत्येक तुकडा वीतभर. तू पहिला तुकडा वितीनं मोजलास आणि बाकीचे नजरेनं कापलेस, सगळे सारखे. मालक म्हणाला होता, "तुमची मुलगी तुम्हाला घरी बसवणार." मी हसलो होतो. रात्री मात्र ते वाक्य चावत पडलो होतो. कुणाला सांगितलं नाही.

आणि मग आपल्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, त्या दंतवैद्यांचा तो दिवस. तू तो विसरली असशील असं मी मनाला सांगत आलो. ते सकाळी दारात उभे, होडी थांबलीय म्हणत घाई करत होते. मी लीडर बांधून दिला. दुपारी परत आले ते लाल चेहऱ्यानं, तुटका लीडर टेबलावर आपटला. जन्मात एकदा लागतो तसा मासा होडीपर्यंत येऊन निसटला होता. दुकानात सहा माणसं होती, मालक गल्ल्यापाशी होता, आणि मालकानं त्याच आठवड्यात माझ्या जागी शहरातून शिकलेला एक कारागीर बघून ठेवला होता. मी लीडर हातात घेतला, खिडकीकडे वळलो, परत फिरलो आणि म्हणालो, तार आखूड पडली, दात नायलॉनपर्यंत पोचले, मुलीनं कापली होती.  तू फक्त आपल्या हाताची वीत टेबलावर पसरून बघितलीस. दुसऱ्या दिवशी आली नाहीस, महिन्याभरात चष्म्याच्या दुकानात लागलीस. मी आईला सांगितलं, तिलाच कंटाळा आला.

आता तुझ्या लीडरची तार. मी ती मोजली. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, पूर्ण हातभर. आणि पाकिटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं तू लिहिलंयस, 'तार मुद्दाम लांब ठेवलीय, मागची चूक परत नको.' एवढ्या तारेच्या वजनानं माशी नाक खाली घालून ओढली जाते, काठीला बांधल्यासारखी. जिवंत जीव असा पोहत नाही, आणि करवत्याला ते आपल्याआधी कळतं. म्हणून तो येतो, बघतो आणि वळतो. हे मला पाकीट उघडल्याच्या दिवशी कळलं. मी लगेच एक कार्ड लिहिलं, 'तार वीतभर कर, बाकी उत्तम.' पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो आणि ते फाडलं. कारण तू एका रविवारी तार कापशील, पण मोठा मासा जवळ दिसला की तुझा हात भिईल आणि पुन्हा लांब ठेवशील. ती भीती मी घातलेली आहे. कार्डानं ती जात नाही.

मुंगी, दातानं कापलेल्या नायलॉनचं टोक खरखरीत असतं, वरच्या अंगाला ओरखडे असतात. गाठ सुटली तर टोकाला बारीक पिळदार वळ राहतो, डुकराच्या शेपटीसारखा. त्या दिवशी मी खिडकीकडे वळलो तेव्हा टोकाला वळ होता. गाठ माझी होती. घाईत मी ती थुंकीनं ओली न करता कोरडीच ओढली होती. मी नखाएवढं टोक कापून मुठीत घेतलं आणि मग वळून तुझं नाव सांगितलं. तुझी तार वीतभरच होती, बरोबर होती. परवा हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला कशाला सांगता? दुकानातून रडत मी आले होते का?" आणि दोन दिवस बोलली नाही. काल मी दंतवैद्यांकडे गेलो. ते आता काम करत नाहीत, कान गेलेत, त्यामुळे मला ओरडून कबूल करावं लागलं, शेजारीही ऐकत होते. त्यांना तो मासा आठवतो, रंग आठवतो, लांबी तर दरवर्षी वाढलेली दिसते. तू मात्र त्यांना आठवत नाहीस. "मुलगी होती का तिथं?" म्हणाले. जिन्यावर मी बराच वेळ बसलो. दुकानातल्या त्या सहापैकी कुणालाच आठवत नसणार. इतकी वर्षं माझं ते वाक्य एकटी तूच वागवत होतीस, आणि आता त्याच्यापायी तुझी होडी जायची वेळ आली. तार वीतभर ठेव. मासा केवढाही दिसो, वीतभरच. रविवारी काय झालं ते कळव. माफीचं मी विचारत नाही, ते तुझं तू बघ. शिव्या घालायच्या असतील तर मोठ्या अक्षरात लिही. माझे डोळे आता साथ देत नाहीत, आई वाचून दाखवेल, आणि एकही शब्द गाळणार नाही.

तुझाच, गाठ कोरडी ओढणारा,
बाबा