अप्पांची माफी

कोल्हापूर

प्रिय पृथ्वीराज,

तुझा फोन बंद आहे, म्हणून हे पत्र. मुरगूडला आक्काच्या घरी जाऊन बसला आहेस असं कळलं. पाळकाने चर्चची मंडळी वाऱ्यावर सोडून बहिणीच्या हातच्या भाकऱ्या खात बसावं, याला कोणत्या शास्त्राचा आधार आहे ते मला ठाऊक नाही. मी शिकवतो त्या संस्कृतात तरी सापडला नाही.

इकडे तुझ्या त्या रविवारची चर्चा अजून थांबलेली नाही. आपल्याकडे पापकबुली सगळे एका सुरात म्हणतात आणि ती संपली की प्रत्येकाचं मन घरी शिजणाऱ्या रश्शाकडे वळतं. सामुदायिक पापाची ही मोठी सोय असते. ते कुणा एकाचं नसतं. तू मात्र त्यातून आपलं एक पाप वेगळं काढून नावगावासकट मांडलंस. माझ्या अप्पांनी मरताना मला माफ केलं नव्हतं, आणि केलं असं तू मला खोटंच सांगितलं होतंस, हे मी बाकावर बसून सगळ्या मंडळीबरोबर ऐकलं.

इरावतीशी लग्न केलं तेव्हापासून अप्पांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं, हे तुला काय सांगायचं? ते मंडळीचे पंच, आणि सून हिंदू, त्यातून संस्कृतच्या शास्त्र्यांची मुलगी. त्यांच्या मते मी मूर्तिपूजा व्याकरणासकट घरात आणली होती. शेवटच्या दिवशीही खोलीत यायची मला मनाई होती आणि मी दवाखान्याच्या जिन्यात उभा होतो. तू बाहेर आलास, खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, “शांत्या, माफ केलं म्हणाले रे.” मी लहान पोरासारखा रडलो. खरं तर तू माझा विषय काढल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. त्या माफीवर आम्ही किती वर्षं काढली! इरावती दर नाताळात त्यांच्या आवडीच्या करंज्या करते. या ईस्टरला तर मी मंडळीपुढे उभा राहून अप्पांच्या क्षमेची साक्ष दिली. तेव्हा तुझा चेहरा उतरलेला दिसला. मला वाटलं, तुझं पित्त उसळलं असेल.

आता माझा राग ऐक. इरावतीशी लग्न करणं हे पाप नव्हतं. तेव्हा नव्हतं, आज नाही, आणि न्यायाच्या दिवशी विचारलं तरी मी हेच सांगणार आहे. म्हणजे न केलेल्या अपराधाची न मिळालेली माफी उराशी धरून मी इतकी वर्षं कृतज्ञ राहिलो. इरावतीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे मामंजी शेवटपर्यंत प्रामाणिक होते की. मी उगाच त्यांना मवाळ समजत होते.” मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आधी घरी येऊन सांगायला तुला काय झालं होतं, असं मला वाटलं. पण घरी सांगितलं असतंस तर मीच तुला गप्प बसवलं असतं. ते तू ओळखलंस. जुन्या मित्रांचा हाच तर त्रास असतो.

काल पंच घरी आले होते. पुढे गडमुडशिंगीचे केरबाकाका. “सर, तुमी निस्तं ‘माझी तक्रार हाय’ म्हणा की, बाकीचं आमी बगतो. पाळकानंच खोटं बोलायचं म्हटल्यावर मंडळीनं काय करायचं?” मी म्हटलं, “काका, त्याच्या पोटात खोटं होतं तोवर तुम्ही त्याला शाल-नारळ दिलात, आणि खरं बोलला तर घालवताय?” ते म्हणाले, “तसं न्हाय ओ. पर खरं बोलायची बी एक जागा असती.” मी विचारलं, “मग चर्च कशाला बांधलंय?” ते चहा न घेता उठले. कोल्हापुरात माणूस चहा न घेता उठला की प्रकरण गंभीर समजायचं.

येत्या रविवारी उपासनेनंतर तुला ठेवायचं की काढायचं ते ठरणार आहे. पहिला प्रश्न मलाच विचारतील. ज्याला फसवलं तो मी आहे, तेव्हा माफ करायचं की नाही हे दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही, असं मी सांगणार आहे. पण तुझ्या रिकाम्या जागेच्या वतीने मी भांडणार नाही. तू ये. मला तुझ्यावर ओरडायचं आहे, चांगलं मोठ्याने, शेवटच्या बाकावर केरबाकाकांना ऐकू जाईल असं. आणि मग तुला माफ करायचं आहे. ते मी या कागदावर लिहून देत नाही, मुद्दामच. मला एकदा दुसऱ्याच्या तोंडून माफी मिळाली, तिचं काय झालं ते आपण दोघांनी पाहिलं. तुझी तू माझ्या तोंडून ऐक.

तुझाच, अजून रागावलेला,
शांतवन