मोरिवाकीसानचं ‘बघू’

ट्रॉय, मिशिगन
१९ ऑक्टोबर २०२५

ती. राजीवदादा,

नमस्कार. पत्राची रीत म्हणून केला आहे, मनापासून नाही.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. आन्या अकरावीत गेली, थंडी सुरू झाली. झाली ख्यालीखुशाली.

तुझ्या पुस्तकाची आगाऊ प्रत मिळाली. तुझे मोरिवाकीसान थोर होते, वाचलं. चौदाव्या वर्षी भाताच्या कोठारात बसून रेडिओ दुरुस्त केले, चाळिशीत गाड्यांच्या रेडिओची कंपनी उभी केली, मग इथे सेन्सरचा कारखाना काढला. ऐंशीव्या वर्षीही कॅन्टीनच्या रांगेत ताट घेऊन उभे राहायचे. राहायचे, मीही पाहिलंय. पण पुण्यात शिकलेलं ते जपानी तू नुसतं त्यांची आरती ओवाळायला वापरलंस.

सहाव्या प्रकरणात लिहितोस, ‘ब्रेकच्या सेन्सरची सदोष खेप थांबवा, असं मोरिवाकीसाननी बजावलं होतं. एका निष्काळजी इंजिनियरमुळे ती गेली.’ नाव घातलं नाहीस. मोठे उपकार! ट्रॉयमधल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे, तो इंजिनियर म्हणजे माझा नवरा.

काय घडलं ते तुलाच सांगायची वेळ आली. ऋषी त्यांच्यासमोर उभा राहून खेप थांबवा म्हणाला. मधे दुभाषा तू. मोरिवाकीसान म्हणाले, ‘केन्तो शिमासु.’ विचार करू. आणि तू ऋषीला सांगितलंस, “डोन्ट वरी यार, थांबवतायत. रिपोर्ट-बिपोर्ट फाइल करू नकोस, उगाच इश्यू होईल.” त्याने बायकोच्या भावावर विश्वास ठेवला, लेखी काही दिलं नाही. खेप गेली, गाड्या परत मागवाव्या लागल्या, आणि हातात कागद नसलेला माणूस आयता सापडला. नोकरी गेली, व्हिसा गेला, साठ दिवसांत तो नागपूरला. माझ्या व्हिसावर घरी बसून राहायला तो तयार नव्हता; माझी नोकरी आणि आन्याची शाळा, म्हणून आम्ही मागे राहिलो.

दादाचं जपानी चुकलं, असं मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत आले. चुकलं नव्हतं. त्याच संध्याकाळी तू फोनवर हसत म्हणालास, “अगं, म्हातारा ‘बघू’ म्हणाला. सहलीला जाऊ का विचारलं की आपले अप्पा म्हणायचे ना, तसं.” अप्पांच्या ‘बघू’नंतर आपण कधी सहलीला गेलो का रे? खेप जाणार, हे मला तेव्हाच कळलं.

आणि मी ऋषीला सांगितलं नाही.

आमची ग्रीन कार्डची फाइल कंपनीकडे होती. तो भांडला असता तर ती बुडाली असती. मी त्याला गरम पोळी वाढली आणि म्हटलं, दादा सांगतोय ना, मग सोड आता. तेवढ्यावर तो गप्प बसला.

शनिवारी तुमच्या अ‍ॅशबर्नच्या महाराष्ट्र मंडळात पुस्तकाचं प्रकाशन आहे. त्याआधी ते पान बदल. नाही बदललंस तर मी येईन आणि सगळ्यांसमोर माईक मागेन. लाज निघेल ती दोघांची निघेल, मला चालेल.

आन्याला मराठी वाचता येत नाही. आज सकाळी तिने ते पान माझ्याकडून वाचून घेतलं.

“सो बाबा लाइड?”

नाही म्हटलं.

“देन हू डिड?”

मी तिला दोन नावं सांगितली. आत्ता ती वरच्या खोलीत ऋषीला फोनवर ती सांगते आहे, आणि माझ्याने जिना चढवत नाही.

तुझ्यासारखीच,
प्रतिमा