घोड्यामागचा पिवळा शर्ट

हर्सूल, सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाय अन् आबा माझा आवाज आला की फोन ठेवतेत, म्हणून चार वर्षांनी पेन धरलाय. अक्षराला हसू नको.

आमचा कॉलेजावरचा सिनेमा लागलाय. मी कँटीनमधला समोसेवाला. वरडत येतो अन् प्रिन्सिपलच्या टकलावर चटणी सांडतो. पेपरात छापून आलं की सिनेमा पोरकट हाय अन् समोसेवाला उगाच वरडतो. उगाच! डायरेक्टरच म्हणला व्हता, वरड. मग मीबी 'मनकर्णाबाई, गृहिणी' नावानं पेपरला चिठ्ठी धाडली, की पोटभर हसले अन् समोसेवाल्यामुळंच सिनेमात जीव हाय.

काल थेटरात सात माणसं. आठवा मी. माझ्या सीनला मीच आधी हसतो, म्हंजी बाकीच्यांना धीर येईल. कुणालाच आला नाय.

गुरुवारपर्यंतच चालणार, शुक्रवारी दुसरा लागतोय. आबांना घेऊन ये. कॉलेज सोडून पोरगं काय करतंय, एकदा बघू दे त्यांना.

लोभ हायेच, वाटंत सांडू देऊ नको.
तुझा सार्थक


फर्दापूर, १५ नोव्हेंबर

चि. सार्थकास अ. उ. आ.

पत्र गुरुवारी दिवस मावळताना मिळालं. एका दिवसात सिनेमा कुठं पळून जातोय, म्हणून शुक्रवारी सकाळच्या गाडीनं आलो. तुझ्या आबाला दवाखान्याचं सांगून काढलं. थेटर दिसल्यावर कळलं त्याला, पर माघारी फिरला नाय.

मला ऐकू तर काय आलं नाय. पर सिनेमा लई हसवणारा हाय बाबा! शेजारच्या बाया हसून हसून पदरानं डोळे पुसत व्हत्या. पेपरवाल्याला काय कळतंय?

समोसे कुठं दिसले नाय, कापलं असंल. पर वरातीत, घोड्यामागं, पिवळ्या शर्टात तू! तुझ्या बापानंच आधी वळखलं. माझा हात दाबून इचारलं, हाच का. मी म्हणलं व्हय. मग चप्पल काढून मांडी घालून बसला, भजनाला बसतो तसा.

तुला भेटू म्हणलं तर नको म्हणला. गाडीत सिल्लोड गेल्यावर म्हणला, वाळलंय पोरगं.

येळेवर जेवत जा. आमची सय ऱ्हाऊ दे.
तुझी आत्या साळूबाई


हर्सूल, २० नोव्हेंबर

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

व्हय, पिवळ्या शर्टातला मीच. समोसे कापले त्यांनी. वाळलो नाय म्हणावं आबांना, पडद्यावर तसं दिसतं.

मनकर्णाबाईची चिठ्ठी छापली पेपरनं, समोसेवाल्याची ओळ तेवढी गाळली.

काल मी थेटरात जाऊन तुम्ही बघितलेला सिनेमा बघितला. एकटाच व्हतो. वरात येते, पिवळा शर्ट घोड्यामागून येतो, एकदा वळून बघतो अन् जातो. तेवढंच काम हाय. त्या टायमाला मीबी चप्पल काढून बसलो.

आबांना नमस्कार सांग. माया आटू देऊ नको. अन् पुढच्या सिनेमाला मात्र एक दिवस आधी ये.

तुझा सार्थक