सागाला पानं आल्यावर

तुमसर, ७ डिसेंबर १९८६

प्रिय गोपीचंद,

‘प्रिय’ लिहिताना हात अडला होता, खोटं कशाला बोलू. पण अड्याळच्या शाळेत ज्याच्याशी एका बाकावर बसून पाटीवरून भांडलो, त्याला दुसरं काय लिहायचं ते सुचलं नाही. पाच वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. तुझ्या बढतीचे पेढे तुझ्या आईने स्वतः घरी आणून दिले, तेव्हाही नाही. पेढे मात्र खाल्ले. त्या माउलीचा काय दोष? तिचे गुडघे दुखतात, तरी आठवडी बाजाराला जाते आणि वांगीवाल्याशी भांडून येते. धान कापून झाला, बांध्यांत लाखोळी हिरवी झाली आहे. आणि पाच वर्षं सिरोंच्याकडे बदलीवर घालवून मी जूनपासून परत तुमसरला, त्याच वायरलेस रूममध्ये येऊन बसलो आहे. तुला हे कळलं असेलच. साहेब लोकांना सगळं कळतं.

परवा जुने संच पुसत होतो आणि एक्क्याऐंशीचा चैत्र आठवला. पहिल्या वाऱ्याला टेलिफोनची तार पडायची आणि विजेच्या सबस्टेशनांचा तुमसरशी संबंध तुटायचा, म्हणून खात्याने पार बपेऱ्यापर्यंत बिनतारी संच बसवायचं ठरवलं होतं. तू ज्युनियर इंजिनियर, मी मेकॅनिक. कोणत्या जागेवरून कोणती जागा ‘दिसते’ आणि कुठे किती उंच खांब लागेल, ते पाहायचं आपल्याकडे आलं. तू टेकडीवर न्हाव्याचा आरसा घेऊन उभा, मी बपेऱ्याच्या सबस्टेशनच्या गच्चीवर. उन्हाची तिरीप माझ्या डोळ्यांत आली की मी गमछा हलवायचो. पहिल्या दिवशी तू तासभर उलटीकडे आरसा दाखवत बसलास आणि संध्याकाळी मलाच शिव्या दिल्यास. किती हसलो होतो बापा आपण! अकरा दिवस आपण तिथल्या लाइनमनकडे, इश्वरकडे जेवलो. त्याची बायको रुखमा तुला लाखोळीचं वरण आवडतं म्हणून रोज तेच करायची. मी कंटाळलो होतो, पण बोललो नाही.

शेवटच्या दिवशी दोन्हीकडून संच लावून पाहिले. साठ फूट उंचीवरून आवाज अगदी स्वच्छ. तू खूश. तेवढ्यात इश्वर सबस्टेशनमागच्या सागाकडे बोट करून म्हणाला, “साहेब, आता झाडं उघडे हायेत. पानं आले का मले इथून माहा गावबी दिसत नाही.” तू हसलास. हवा उन्हाळ्यातही तीच आणि पावसाळ्यातही तीच, म्हणालास. पण मला ते पटलं. ओली पानं आवाज खातात हे मला माहीत होतं आणि तरी माझ्या ध्यानात आलं नव्हतं, हे आजही कबूल करतो. चैत्रात बोडक्या सागातून आरपार पाहून आपण पावसाळ्याचा हिशेब करत होतो. मी तिथेच आपल्या अहवालाचं पान लिहिलं: लाइनमन इश्वर याच्या सांगण्यावरून, सागाला पानं आल्यावर साठ फूट पुरणार नाही, नव्वदचा खांब द्यावा, तोवर पावसाळ्यात या संचावर विसंबू नये. खाली मी सही केली, तू केलीस.

मे महिन्यात खांब आला तो साठचाच. मी विचारलं. तू म्हणालास, वरिष्ठांना पावसाआधी उद्घाटन हवंय, नव्वदचा दुसऱ्या खेपेला येतोय. दुसरं कोणी असतं तर कागद दाखव म्हणालो असतो. तू होतास, म्हणून म्हणालो नाही.

आणि ऑगस्टमध्ये इश्वर गेला. तारेवर फांदी पडली होती. सकाळी बपेऱ्याहून संचावर परवानगी मागितली, ती मिळाली, लाइन बंद झाली, तो खांबावर चढला. मग पाऊस कोसळला, काम लांबलं, दिलेली वेळ संपली. तुमसरने तीनदा विचारलं, माणूस उतरला का? बपेऱ्याचा ताराचंद ऑपरेटर घसा फोडून सांगत होता की माणूस वर आहे, माणूस वर आहे. तुमसरला नुसती खरखर. उत्तर नाही म्हणजे उतरला असेल, असं धरून इथल्यांनी लाइन सुरू केली. तो तारेलाच लटकला होता, गोपी. हे मला ताराचंदनेच सांगितलं.

चौकशीत मी सगळं सांगितलं. चौकशीच्या साहेबांनी आपल्या दोघांचा अहवाल उघडला, तर त्यात ते पानच नाही. त्या जागी दुसरं, टाइप केलेलं: सर्व ऋतूंत साठ फूट पुरेसे. खाली माझी सही! मी म्हणालो, हे माझं नाही. साहेबांनी तुझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तू बोलशील. तू बोललासही. माझ्या डोळ्यांत पाहून, अगदी मायेने म्हणालास, “तेजराम, तू विसरला असशील.”

खोटी सही एकवेळ मी विसरेन. ती माया नाही विसरणार. तू मला रागाने खोटं पाडलं असतंस तर बरं झालं असतं. तू मला वेंधळा ठरवलंस, आणि तुझं ऐकून क्षणभर मलाच वाटलं, खरंच विसरलो की काय? सिरोंच्याला पाच वर्षं मी तेच घोकत बसलो. बायको विचारायची, तुमचा मित्र का येत नाही? मी सांगायचो, कामात असतो. तुझी लाज मी झाकली, बघ. इश्वरच्या फायलीत काय लिहिलं गेलं ते तुला पाठ असेल: वेळ संपल्यावरही न कळवता खांबावर राहिला, मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणाने. ज्याने आपल्याला सावध केलं, तोच निष्काळजी! नव्वदचा खांब पुढल्याच वर्षी गुपचूप उभा राहिला. परवा बपेऱ्याला जाऊन पाहून आलो. चांगला आहे.

आता हे पत्र कशाला, ते सांगतो. गेल्या मंगळवारी रुखमा इथे आली. तिच्या पोराला शाळेत कोणीतरी म्हणालं, तुझा बाप स्वतःच्या चुकीने मेला. पोरगा आठ दिवस शाळेत गेला नाही. तिला खात्याकडून दुसरं काही नको, ती एवढी ओळ खोडून हवी आहे. तिने पदरातून एक घडी काढली. ते पान लिहिलं त्या दिवशी इश्वरने माझ्याकडून एक कागद मागून घेतला होता, तुला माहीत नाही. सरकारी कागदावर त्याचं नाव पहिल्यांदाच आलं होतं, म्हणून मी त्याला तिसरी कार्बन प्रत दिली होती. मी पार विसरलो होतो. बघ, विसरलो होतो ते हे! फिकट झालंय, पण वाचता येतं. खाली माझी सही आहे आणि तिच्या शेजारी तुझी. तिला वाचता येत नाही. नवऱ्याची आठवण म्हणून तिने ते पाच वर्षं पेटीत जपलं आणि मला म्हणाली, “हे गोपीचंद सायबाले पाठवा. ते मोठे झाले, माह्या घरचं जेवले, तेच माह्या धन्याचं नाव सुधारतीन.” तुला पत्र लिहा म्हणून ती माझ्या दारात दोन तास बसली होती. मी तिला तो कागद वाचून दाखवला, पण अहवालातलं पान कोणी बदललं ते सांगितलं नाही. माझ्या तोंडून ते निघेना. सोमवारी, पंधरा तारखेला, मी तो कागद घेऊन तिच्यासोबत भंडाऱ्याच्या ऑफिसात जातो आहे. तू आलास तरी आणि नाही आलास तरी. पण तिला वाटतंय की तू येशील. त्याआधी एकदा बपेऱ्याला जा, तिच्या ओसरीवर बस आणि तिला तूच सांग. ती लाखोळीचं वरण करून ठेवणार आहे.

एके काळचा तुझाच,
तेजराम