कायम निधी आणि आप्पांची लिफ्ट

३ फेब्रु.
केळकरकाकांनी पुन्हा नाही म्हटलं. मंडळाचा हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट हवी. मी कार्यवाह, निवडून आलेली. पैसे कायम निधीत, आणि त्याचे विश्वस्त हे एकटे, नेमलेले. "मुद्दल हलणार नाही, सुलभा." बस्, इतकंच. आप्पा दोन वर्षं तो जिना चढलेले नाहीत. नाटक असलं की खाली खुर्ची टाकून नुसते आवाज ऐकतात माझे वडील. डोकं फिरलं.

५ फेब्रु.
कॉलेज. फायनलच्या वर्गाला केंद्रीय बँकेची स्वायत्तता शिकवली. नेहमीचंच. निवडणूक आली की सरकारला स्वस्त पैसा हवा असतो, म्हणून व्याजदर त्यांच्या हातात नको. देपालपूरची पूजा उठली. "मैम, पर इनको चुना किसने? महँगाई तो हम भुगतते हैं." म्हटलं, संसदेनेच कायदा करून अधिकार दिलेत, बँकेला जाब द्यावा लागतो. "और नहीं दिया तो?" तास संपला म्हणून सुटले. डोळ्यांपुढे केळकरकाका.

९ फेब्रु.
मंडळाचे अध्यक्ष शिरीषभिया घरी. "ताई, ठराव आणू. कमिटीच्या बहुमताने विश्वस्त हटवता यावा. लोकशाही है यार, एक आदमी अडून बसलाय." अगदी मनातलं बोलला. मसुदा मीच केला. चांगला झणझणीत.

१२ फेब्रु.
कमिटीची बैठक. संताप नुसता. शिरीषभियाला निधीतून आधी महोत्सव हवा म्हणे, बाहेरचे कलाकार, मोठा मांडव. पुढे मंडळाची निवडणूक आहे ना. "लिफ्ट भी होगी ताई, बाद में." माझ्या ठरावावर हा आपली पोळी भाजणार. केळकरकाकांचाही रागच आला. त्यांचं नाही म्हणणं एवढं बरोबर होतं तर सभेपुढे येऊन कारण सांगायला काय झालं होतं? कुणाला विचारायचं नाही, कुणाला सांगायचं नाही.

१४ फेब्रु.
आप्पांना सांगितलं. वाटलं, म्हणतील ठराव मागे घे. म्हणाले, "पास कर."
"आणि निधी उडवला तर?"
"शिरीषला निवडणुकीत पाडता येतं. केळकरला कसं पाडशील?"
पाडेपर्यंत निधी उरेल का, विचारलं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.
उद्या मतदान. कमिटीत पाच बाजूने, पाच विरुद्ध. अकरावी मी.